गफूर सरांच्या यादीतलं बारावं नाव

गफूर सर मला पहिल्यांदा दिसले ते माझ्या टेबलावर उभे असलेले. टेबल ऑफिसात नव्हतं, समोरच्या मैदानात होतं, आणि सर त्यावर चढून बास्केटबॉलच्या रिंगला जाळी बांधत होते. तोंडात विडी, पायात स्लीपर, उंची पाच फूट दोन इंच. टेबल नसतं तर रिंग त्यांच्या हाताला जन्मात लागली नसती.

"कोण तुम्ही?" मी खालून विचारलं.

"मी गफूर. तू कोण?"

"मी या ऑफिसचा नवा क्लार्क. बिराजदार. ते टेबल माझं आहे."

"मंग धर की नीट. हलून राहिलंय कवाचं."

मी धरलं. लातुरातल्या नोकरीची सुरुवात माझी अशी झाली. दोन्ही हातांनी स्वतःचंच टेबल धरून मी उभा, आणि वरून विडीची राख माझ्या नव्या शर्टावर.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नवा जिल्हा म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. घरातले भाऊ वेगळे निघावेत तसं सामान वाटलं जातं. जुन्या जिल्ह्यानं आमच्या वाट्याला तीन पायांवर उभं राहणारं एक टेबल, किल्ली नसलेलं कपाट, ‘भ’ न उमटणारं टाइपरायटर आणि उस्मानाबादच्या नावाचा रबरी शिक्का दिला. शिक्क्यावरचं जुनं नाव मी ब्लेडनं खरवडून काढलं आणि लातूर हातानं लिहायला लागलो. ऑफिसचं पूर्ण नाव लिहीत नाही. खेळांचं काम बघणारी एक खोली होती एवढं पुरे. माझी पेन्शन अजून चालू आहे.

त्यातच पाऊस नाही. लोक म्हणायचे, जिल्ह्याची वाटणी झाली आणि पाऊस जुन्या जिल्ह्याच्या वाट्याला गेला. तिकडचे लोक म्हणायचे, तुमच्याकडं आलाय. खरं तर तो कुणाकडंच नव्हता. गल्लीत टँकर तीन दिवसांआड यायचा. गाड्या, माणसं, अधिकारी, सगळे पाण्याच्या कामाला जुंपलेले. अशा दिवसांत खेळांचं ऑफिस चालवणारा माणूस म्हणजे मयतीच्या घरी बँड घेऊन गेलेला माणूस. कलेक्टर कचेरीत गेलो की तिथले क्लार्क विचारायचे, "काय बिराजदार, आज कोणता बॉल उडाला?"

माझं काम मुख्यतः प्रमाणपत्रांचं. खेळलेल्याला प्रमाणपत्र मिळालं की पुढं कॉलेजात, नोकरीत राखीव जागा मिळायची. त्यामुळे जिल्ह्यात खेळाडू कमी आणि प्रमाणपत्र मागणारे जास्त. एकदा औशाकडचा एक पैलवान आला. मान नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर. म्हणाला, बास्केटबॉलचं सर्टिफिकेट पायजे.

मी विचारलं, "बास्केटबॉलमध्ये किती खेळाडू असतात?"

त्यानं विचार केला. "दोन. एक मी, एक समोरचा."

सोळा वर्षांखालच्या गटासाठी एकजण आला होता, त्याच्या मिशीला पीळ होता आणि कडेवर मूल होतं. मूल धाकटा भाऊ आहे म्हणाला. मूल त्याला ‘बाबा’ म्हणून हाक मारत होतं.

अशा लोकांना मी हसून परत पाठवायचो आणि स्वतःला फार प्रामाणिक समजायचो. पैलवानाला नाही म्हणायला काही लागत नाही, हे मला नंतर कळलं.

गफूर सर एका शाळेत पीटीचे मास्तर. मूळचे उदगीरचे, म्हणजे माझ्याच गावचे. तरुणपणी हैदराबादला मामाकडं राहिले, तिथं पोलीस लाइनीतल्या पोरांबरोबर हा खेळ शिकले. एवढ्या बुटक्या माणसानं हाच खेळ का निवडला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "उंच माणसाला रिंग दिसते. मला माणसांच्या मधल्या फटी दिसतात. खेळ फटीतच हाय."

ते मुलींना शिकवायचे. त्या काळात, आमच्या भागात, मुसलमान मास्तरच्या हाताखाली अर्ध्या चड्डीत मुली खेळतायत, हे ऐकून ज्यांच्या भुवया वर गेल्या त्यांच्या घरी सर स्वतः जायचे. बरोबर बायको असायची. तिला सगळा संघ भाभी म्हणायचा. भाभी आत जाऊन आयांशी बोलायच्या, सर बाहेर ओट्यावर बापाशी. मोंढ्यातल्या एका लिंगायत अडत्याला ते म्हणाले होते, "शेटजी, तुमची पोरगी दुकानात बसून सुटून राहिली. माझ्याकडं द्या, लग्नापर्यंत आकारात आणून देतो." मी कपाळाला हात लावला. शेटजी हसले आणि पोरगी आली. दुसरा कुणी हे बोलला असता तर मार खाऊन आला असता.

मैदानावर मात्र त्यांची जीभ सुटायची. शोभा नावाची एक बारकी मुलगी होती, पंक्चरवाल्याची. पहिल्या दिवशी बॉल हातात आला तो तिनं छातीशी घट्ट धरला. सर ओरडले, "बॉल दिलाय का तान्हं लेकरू? दूध पाजून राहिली काय!" ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. पुढं दोन वर्षं ती संघात सगळ्यात शेवटी निवडली जायची आणि सरावाला सगळ्यात आधी यायची.

आणि कप्तान महानंदा. मोंढ्यातल्या हमालाची लेक, साडेपाच फुटांच्या वर, खांदे बापासारखे. ती रिंगखाली उभी राहिली की समोरच्या मुली रस्ता बदलायच्या.

सरांनी मला टेबलावर बसवलं, म्हणजे स्कोअर लिहायला. खेळाडू धावतात, पंच शिट्टी मारतो, पण किती गुण झाले आणि कुणाचे किती फाऊल झाले हे टेबलावरचा माणूस म्हणेल ते खरं. फाऊल म्हणजे समोरच्याला धक्का, ओढाओढ, हातावर फटका. एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की ती बाहेर, पुन्हा त्या सामन्यात आत नाही. फाऊल झाला की पंच टेबलाकडं वळून बोटांनी नंबर सांगतो. स्कोअरवाला कागदावर फुली मारतो आणि त्या खेळाडूचा कितवा फाऊल ते आकड्याचा पुठ्ठा उंच धरून सगळ्यांना दाखवतो. एक ते चार काळे, पाच लाल. पुठ्ठे मी बुटांच्या खोक्याचे केले होते.

सरांनी हे सगळं मला ऑफिसात शिकवलं. दौतीची बाटली म्हणजे महानंदा, स्टेपलर म्हणजे समोरचा संघ. स्टेपलरनं बाटलीला धक्का मारला आणि आवक-जावक रजिस्टर निळं झालं. "हा कुणाचा फाऊल?" सरांनी विचारलं. मी म्हणालो, "तुमचा." "बराबर. शिकून राहिलास तू."

त्या वर्षी विभागाच्या स्पर्धा नांदेडला होत्या. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ जाणार होता. अडचण अशी की संध्याकाळी सरावाची वेळ आणि टँकरची वेळ एकच. रोज कुणाच्या ना कुणाच्या गल्लीत टँकर, आणि त्या मुली सरावाला यायच्याच नाहीत. यायच्या कशा, घागरी घेऊन रांगेत उभ्या असायच्या. आठवडाभर सरांनी अर्ध्या रिकाम्या मैदानाला शिव्या दिल्या. मग एके दिवशी माझ्यासमोर दोन घागरी ठेवल्या.

"ऊठ बिराजदार."

"कुठं?"

"रांगेत. पोरी खेळतील, आपण पाणी भरू."

"सर, मी सरकारी नोकर आहे."

"मंग काय, पाणी पीत न्हाईस?"

आम्ही हमालवाडीत महानंदाच्या जागी जाऊन उभे राहिलो. पुढं-मागं पंचवीस-तीस बाया. आधी सगळ्या गप्प झाल्या, मग एकीनं तोंडाला पदर लावला, आणि मग जो हशा उठला तो टँकर येईपर्यंत थांबला नाही. एक म्हातारी मला म्हणाली, "काय रे बाबा, बायको न्हाई का? का घरी बसून तुलाच धाडलं तिनं?" दुसरी म्हणाली, "चुंबळ कर की डोक्याला, उघड्या टकलावर घागर ठरंल का?" मी मान खाली घातली. सर मात्र त्यांच्यात असे मिसळले जणू जन्मभर पाणी भरत आलेत. नंबरावरून भांडण झालं तेव्हा ते एका बाईला म्हणाले, "मावशी, तुमचा हा तिसरा फाऊल. आणिक दोन झाले की बाहेर." दुसऱ्या आठवड्यात रांगेची पंचगिरी त्यांच्याकडंच आली. बाया भांडण झालं की "मास्तर, कितवा?" असं विचारायच्या.

असं आम्ही महिनाभर पाणी भरलं, रोज वेगळ्या मुलीच्या गल्लीत. मुली खेळल्या. मैदानावर शिंपडायला थेंब नव्हता, धूळ एवढी उडायची की फक्कीनं आखलेल्या रेषा दहा मिनिटांत नाहीशा व्हायच्या. पण संघ तयार झाला. सरांनी बारा नावं लिहून माझ्याकडं दिली. बारावं नाव शोभाचं.

ती यादी टाइप करायला घेतली तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. म्हणाले, एका मोठ्या माणसाचा निरोप आहे. त्यांच्या भाचीचं नाव संघात पाहिजे. कॉलेजच्या प्रवेशाला प्रमाणपत्र लागतंय.

"ती खेळते का?"

"बिराजदार, ती येणारसुद्धा नाही. नुसतं नाव. बारावी मुलगी तशीही बाकावरच बसते ना?"

मी बाहेर येऊन मशिनीसमोर बसलो. दहा मिनिटं तरी बसलो असेन. मी साहेबांना काही बोललो नाही, सरांकडं गेलो नाही. बारावी मुलगी बाकावरच बसते, हे साहेबांचं वाक्य मनात दोन-चार वेळा म्हणून पाहिलं. खरं वाटायला लागलं. शोभाच्या जागी मी ते दुसरं नाव टाइप केलं. शोभाच्या नावात ‘भ’ आहे, तो नाहीतरी उमटत नाही, असा एक विनोदही स्वतःशी केला. तो विनोद मला आजही विसरता आलेला नाही.

नांदेडला आम्ही एसटीनं गेलो. अकरा मुली, शोभा धरून. दुसऱ्या एका मुलीला घरच्यांनी ऐन वेळी लग्नासाठी थांबवलं होतं. शिवाय सर, भाभी आणि मी. वाटेतल्या एका स्टँडवर मुली मडक्यातलं पाणी प्यायल्या. ते कुठलं होतं कोण जाणे. सकाळपर्यंत चार मुली उलट्यांनी आडव्या. भाभी त्यांच्या उशाशी मीठ-साखरेचं पाणी घेऊन बसल्या. उरल्या सात, आणि सामना यजमान नांदेडशी.

सामन्याआधी पंचांनी यादी वाचली. अकरावं नाव झालं, बारावं वाचलं, कुणीच पुढं आलं नाही. शोभा गणवेशात उभी होती. पंच म्हणाले, "ही कोण? हिचं नाव नाही."

सर यादीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "हे काय?"

"टायपिंगची चूक झाली असेल, सर."

ज्याला टायपिंग येतं त्यालाही हे पटलं नसतं. एक अख्खं नाव आडनावासकट चुकून दुसरं कसं होईल?  सर पंचांशी भांडायला गेले. हात जोडले, आवाज चढवला, शिव्याही दिल्या असतील. पंच म्हणाले, शिक्क्याची यादी आहे, बदलता येत नाही. त्यांचंही चूक नव्हतं. सर परत आले आणि शोभाला म्हणाले, "बेटा, यादीत नाव न्हाई. बाकावर बस." ती बसली. हात मांडीखाली घालून.

आमच्या सहा मुली उरल्या. पाच आत, एक बाहेर.

तिथं पद्धत अशी होती की टेबलावर दोन्ही संघांचा एकेक माणूस. नांदेडचा घड्याळ सांभाळायचा, मी कागद.

पहिला अर्धा आमच्या मुली जोरात खेळल्या. महानंदानं एकटीनं वीसेक गुण केले. नांदेडच्या प्रेक्षकांनी आधी ‘दुष्काळी संघ’ म्हणून चिडवलं, मग चिडवणं बंद केलं. दुसऱ्या अर्ध्यात दम गेला. दम गेला की पाय हलत नाहीत, हात हलतात, आणि हात हलले की फाऊल होतात. एक मुलगी पाच फाऊलवर बाहेर गेली. सहावी आत आली. थोड्या वेळानं दुसरी बाहेर गेली. आता बदली नाही. आमच्या चौघी विरुद्ध त्यांच्या पाच. बाकावर शोभा ताजीतवानी बसलेली, बूट घट्ट बांधलेले, आणि पंचाची शिट्टी झाली की प्रत्येक वेळी अर्धी उठून पुन्हा बसणारी.

तरी आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. शेवटची चार मिनिटं. नांदेडची मुलगी रिंगखाली घुसली, महानंदानं तिला अडवलं, दोघी पडल्या. शिट्टी. पंच टेबलाकडं वळला आणि सहा बोटं दाखवली. सहा नंबर म्हणजे महानंदा.

कागदावर तिच्या नावापुढं चार फुल्या होत्या. मी पाचवी मारली नाही. चौथीवरच पेन फिरवलं, ती जाड केली. आणि चारचा काळा पुठ्ठा उचलून धरला.

का केलं? महानंदा गेली तर तिघी उरतात, आणि तिघी उरतात त्या माझ्यामुळं. एक खोटं केलं होतं, ते बुजवायला दुसरं हाताशी होतं. घड्याळवाल्या नांदेडच्या माणसाचं लक्ष नव्हतं. पंचानं पुठ्ठा पाहिला आणि मान डोलावली.

गफूर सर उठले. त्यांची एक सवय होती. आपल्या मुलीचा फाऊल झाला की काडेपेटीतली एक काडी मोडून त्या मुलीच्या नावानं बाकावर ठेवायचे. त्यांनी महानंदाच्या काड्या मुठीत उचलल्या आणि पंचाकडं चालत गेले.

"पंच साहेब, माझी सहा नंबर बाहेर."

"मास्तर, चारच झालेत. टेबलानं दाखवलं ना."

"टेबलाला चार दिसले. मला पाच दिसले. हे बघा." त्यांनी मूठ उघडली.

महानंदा धावत आली. "सर, काय करून राहिला तुम्ही! टेबल चार म्हणून राहिलंय!"

"टेबल सरकारी हाय," सर म्हणाले. "तू न्हाईस. चल, बाहेर."

ती बाकावर येऊन बसली आणि टॉवेलमध्ये तोंड घालून रडली. मी पाचवी फुली मारली. लाल पुठ्ठा उचलला. तिघींनी चार मिनिटं पाच जणींना तोंड दिलं. त्या पडल्या, उठल्या, धावल्या. तीन गुणांनी आम्ही हरलो. नांदेडच्या मुलींनी जिंकल्यावर नाचायचं सोडून आमच्या तिघींना उचलून धरलं. ते मी पाहिलं आणि स्कोअरशीटवर सही करायचं निमित्त करून खाली बघत बसलो.

सर मैदानाबाहेर लिंबाच्या झाडाखाली विडी ओढत होते. मी जाऊन सगळं सांगितलं. साहेब, मोठा माणूस, भाची, सगळं. आणि म्हणालो, "सर, मला माफ करा."

"माफी मला काय मागून राहिला?" ते म्हणाले. "मी बूट बांधून बाकावर बसलो होतो व्हय? फाऊल जिला मारलास तिच्याकडं जा."

एवढंच. त्यांनी मला एकही शिवी दिली नाही. ज्या माणसानं जिल्ह्यातल्या प्रत्येक जिवंत वस्तूला शिवी दिली होती, त्यानं मला त्या दिवशी वगळलं.

लातूरला आल्यावर मी शोभाच्या घरी गेलो. पंक्चरच्या दुकानामागं एक खोली. शोभा घरी नव्हती, सरावाला गेली होती. तिच्या आईनं चटई टाकली, आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. काठोकाठ भरलेला. मला ठाऊक होतं की त्या गल्लीत दोन दिवस टँकर आला नव्हता. ते पाणी मी प्यायलो. आई समोर बसून विचारत होती, "पोरगी कशी हाय हो खेळायला? काही जमतंय का तिला?" मी म्हणालो, चांगली आहे, खेळू द्या. आणि उठून आलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हणालो, "हो."

भाचीच्या प्रमाणपत्राचं मात्र मी एक केलं. ते म्हणजे काहीच केलं नाही. सरकारी क्लार्कच्या हातात एकच मोठी ताकद असते, फाईल न सापडण्याची. ती फाईल मला सापडेना. साहेब ओरडले, मी कपाट उपसलं. मोठ्या माणसानं दोन माणसं पाठवली, त्यांच्यासमोर मी पुन्हा उपसलं. एकदा तर गफूर सरही शोधायला आले आणि त्यांनी एवढे कागद खोलीभर उडवले की सापडलेल्या आणखी तीन फायली हरवल्या. प्रवेशाची मुदत टळली त्याच आठवड्यात फाईल सापडली. माझ्या खुर्चीवरच्या उशीच्या आत. दीड महिना मी तिच्यावरच बसलो होतो.

माझी बदली मुखेडला झाली. शिक्षा म्हणून केली होती. मुखेड आमच्या उदगीरहून किती जवळ आहे हे वरच्यांनी नकाशात पाहिलं नव्हतं. मी खूश होतो, पण तोंड पाडून फिरायचो.

महिन्याभरानं आठवडी बाजाराच्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर एसटी थांबली आणि गफूर सर उतरले. गळ्यात लोखंडी रिंग अडकवलेली, दुसरी हातात. शेळ्या विकायला आलेले लोक त्यांच्याकडं बघत होते.

"बिराजदार, खड्डा कुठं खांदायचा ते दाखव," ते म्हणाले. नांदेडनंतर पहिल्यांदा ते माझ्याशी पूर्वीसारखे बोलले. आम्ही शाळेमागं दोन खांब रोवले. माती एवढी कडक की पहारीनं ठिणग्या उडत होत्या. तीन खड्डे फसल्यावर सरांनी मुखेडच्या जमिनीला, जमीन बनवणाऱ्याला आणि मला एका दमात शिव्या घातल्या. मला फार बरं वाटलं.

पुढं मी नांदेड जिल्ह्यात बरीच वर्षं काढली, मुदखेडहून रिटायर झालो. सर गेले ते गेल्या उन्हाळ्यात. शोकसभा लातूरला, त्याच मैदानावर होती. आता तिथं सिमेंटचं कोर्ट आहे, भोवती तारेचं कुंपण. सतरंज्या अंथरल्या होत्या. जुन्या मुली आल्या होत्या, कुणाला सुना आलेल्या, कुणाचे गुडघे गेलेले. महानंदा सोलापूरहून आली होती, नातू घेऊन. शोभा उदगीरच्या एका शाळेत पीटीची बाई आहे. तिच्या मुलींचे संघ मोठमोठ्या स्पर्धांना जातात.

भाषणं झाली. एक पाहुणे म्हणाले, गफूर सर मितभाषी होते, त्यांच्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नाही. मागच्या सतरंजीवर पन्नाशीच्या बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. भाभी पुढं खुर्चीवर होत्या. त्यांचेही खांदे हलत होते.

मग मला बोलायला सांगितलं. मी टेबलाच्या, घागरींच्या दोन गमती सांगायचं ठरवून गेलो होतो. त्या सांगितल्या. लोक हसले. आणि मग, का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "नांदेडच्या यादीतलं बारावं नाव सरांनी काढलं नव्हतं. मी काढलं." सगळं सांगितलं. शोभाच्या आईनं दिलेलं पाणीही सांगितलं. त्या माउली आता नाहीत. सरांशी खोटं बोललो तेही सांगितलं. मग मी खाली उतरलो.

भाभींनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "उनो बोले थे मेरेकू. बिराजदार बोलेगा, पन टैम लगेगा. गौरमेंट का आदमी है."

मला वाटलं होतं ते विसरले असतील. त्यांना ठाऊक होतं की मी ‘हो’ म्हणालो ते खोटं होतं. तरीही ते गळ्यात रिंग घालून मुखेडला आले होते.

सभा संपली. लोक पांगले. शोभा समोर आली. केस निम्मे पांढरे, गळ्यात शिट्टी, ती सभेलाही घालून आलेली.

"मला एवढी वर्षं वाटायचं, सरांनीच माझं नाव काढलं," ती म्हणाली. "मी कच्ची म्हणून. आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिथं भांडल्यासारखं केलं. त्यांना दाखवायचं म्हणून मी घासून घासून खेळले. कधी विचारलं न्हाई त्यांना."

"त्यांनीही सांगितलं नाही?"

"न्हाई. तुमचं नाव कधी घेतलं न्हाई."

ती पुढं म्हणाली, "त्या दिवशी मी कसं खेळले असते, माहीत न्हाई सर. कदाचित हारलोच असतो. पण मी उतरले असते."

मी म्हणालो, "हो."

 ती वाकली आणि तिनं सतरंजीचं एक टोक उचललं. मी दुसरं उचललं. सतरंजी मोठी होती, आणि आम्ही दोघंही म्हातारे. मी झटकली ती सगळी धूळ तिच्या तोंडावर गेली.

"नीट धरा की सर," शोभा खोकत म्हणाली. "आंधळ्यावानी काय करून राहिलात!"